घरी रेकॉर्ड केलेली गिटार डब्यातून आल्यासारखी का वाटते?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरच्या एका खोलीत तुम्ही स्वतःची गाणी रेकॉर्ड करता. स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार आहे, एक इलेक्ट्रिक आहे, टेबलावरच्या छोट्या स्टँडवर एक कंडेन्सर माइक (स्टुडिओत असतो तसा संवेदनशील माइक) आणि दोन चॅनलचा इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज काँप्युटरमध्ये नेणारी पेटी) आहे. वाजवताना गिटार कानाला गोड लागते, पण रेकॉर्ड केलेलं ऐकलं की अकूस्टिक बोदी, डब्यातून आल्यासारखी वाटते आणि इलेक्ट्रिक माश्या घोंघावल्यासारखी. ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठे आघात दाबणारा), रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारा) सगळं लावून पाहिलं, फरक पडला नाही. आता याहून चांगला माइक घ्यावा का?

माझं उत्तर : आत्ता घेऊ नका. गेली वीस वर्षं मी छोट्या खोल्यांमध्ये गिटार रेकॉर्ड करतोय, स्वतःची आणि इतरांचीही. तुम्ही वर्णन करताय तशा आवाजाचं मूळ माइकमध्ये असल्याचं मला क्वचितच आढळलं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. तुम्ही तुमची गिटार माइकच्या जागेवरून कधी ऐकलेलीच नसते.

वाजवताना तुमचा कान गिटारच्या वर आणि थोडा मागे असतो. गिटारचा मुख्य आवाज मात्र पुढच्या फळीतून आणि साउंडहोलमधून (फळीवरच्या गोल भोकातून) समोर जातो. तुमच्यापर्यंत येतो तो कडेने वळून आलेला, भिंतींवर आपटून परतलेला आणि छातीला टेकलेल्या लाकडातून थेट अंगात शिरलेला आवाज. त्यात तुम्हाला दोन कान आहेत. दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून मेंदू मूळ नाद आणि खोलीचा पडसाद वेगळे ओळखतो आणि पडसाद मागे सारतो. माइकला एकच कान, आणि त्यामागे मेंदू नाही. खोलीत जे आहे ते सगळं तो सारख्याच इमानाने टिपतो. म्हणून ‘वाजवताना छान, ऐकताना वाईट’ हा अनुभव येतो. तुमचं वाजवणं त्याला जबाबदार असेलच असं नाही.

यावर एक प्रयोग सांगतो, तो आजच करा. तुमची गिटार दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला द्या. एका कानात बोट घाला आणि दुसरा कान गिटारसमोर वीत-दीड वीत अंतरावर धरून हळूहळू फिरवा : साउंडहोलसमोर, मग मान जिथे खोक्याला जुळते तिथे, मग ब्रिजच्या (खोक्यावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या) खाली, मग वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून खाली बघितल्यासारखा. एकाच गिटारमधून चार वेगळ्या गिटार ऐकू येतील. त्यातली जी जागा आवडेल तिथे माइक ठेवायचा. वाजवायला दुसरं कोणी नसेल तर प्रत्येक जागी पंधरा सेकंद वाजवून रेकॉर्ड करा आणि वाजवण्याआधी जागा तोंडाने बोलून ठेवा, ‘बारावा फ्रेट, एक वीत’ असं (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी). नंतर हात पुसून, हेडफोन लावून शांतपणे ऐका. वाजवता वाजवता हेडफोनमध्ये ऐकून ठरवू नका, कारण गिटारचा खरा आवाज अंगातून आणि हेडफोनच्या कडेने कानात येतच राहतो आणि फसवतो.

पुढे जे आकडे देतोय ते सुरुवात करण्यापुरते आहेत. नायलॉनच्या तारा असतील, बोटांनी वाजवत असाल, गाण्यात गळा आणि गिटार एवढंच असेल किंवा मागे ड्रम, बेस, कीबोर्ड असा सगळा मेळा असेल, तर त्या त्या वेळी उत्तर बदलतं. नुसत्या गळ्याबरोबर जी गिटार भरदार आणि हवीहवीशी वाटते, तीच दहा ट्रॅकच्या गाण्यात सगळ्यांच्या पायात येते. त्यामुळे माइक लावण्याआधी एवढं ठरवा की या गाण्यात गिटारचं काम काय आहे. तिने गाणं पेलायचंय, की नुसता ठेका धरायचाय?

आता तारा. स्टीलच्या जुन्या तारांमधली चमक घाम आणि धुळीने गेलेली असते आणि ती ईक्यूने परत येत नाही. ईक्यू जे आहे तेच वाढवतो, आणि जुन्या तारेत वरचे स्वरांश उरलेलेच नसतात. तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदला, हाताने हलकेच ताणून घ्या, रात्रभर बसू द्या. अगदी कोऱ्या तारा पहिला तासभर सुरात टिकत नाहीत आणि जरा जास्तच किणकिणतात. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर खालच्या कॉर्ड सुरात आणि वरच्या बेसूर असं होणार, आणि दोन-तीन ट्रॅक एकमेकांवर चढले की तो बेसूरपणा गढूळपणासारखा ऐकू येतो. अनेकदा लोक ज्याला ‘मिक्स साफ नाही’ म्हणतात तो नुसता सुरांचा घोळ असतो. कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की तारा किंचित चढतात, म्हणून कॅपो लावल्यानंतर पुन्हा ट्यून करा. आणि गाण्यात ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने तार छेडून ट्यून करा, कारण जोरात छेडलेली तार सुरुवातीला क्षणभर चढी असते.

पिककडे, म्हणजे तारा छेडायच्या चकतीकडे, लोक लक्षच देत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं पातळ पिक वाकतं, त्यामुळे झटका मऊ होतो आणि गळ्यामागे ठेक्याला ते छान बसतं. एक मिलिमीटरचं जाड पिक एकेका स्वराला वजन देतं, पण त्याने जोरात स्ट्रमिंग केलं तर दर ठोक्याला आघात उडून वर येतो आणि मग तुम्ही तो कॉम्प्रेसरने दाबत बसता. पिक बदलायला पाच सेकंद लागतात.

माइकच्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. बहुतेक नवखे माइक साउंडहोलसमोर लावतात, कारण आवाज तिथूनच येतोय असं दिसतं. पण गिटारच्या खोक्यातली हवा एका ठरावीक कंपनाला घुमते, आणि मोठ्या आकाराच्या अकूस्टिकमध्ये हा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास असतो. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ९८ हर्ट्झचा आहे. म्हणजे जी कॉर्ड वाजवली की खालचा स्वर अंगावर येतो आणि डी कॉर्डला तोच आवाज एकदम बारीक होतो. तुमच्या गिटारवर काही कॉर्ड घुमतात आणि काही नाही असं होत असेल, तर कारण हेच. त्यात तुमचा माइक कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं ऐकणारा. असा माइक आवाजाच्या फार जवळ नेला की खालचे स्वर आपोआप फुगवतो. साउंडहोलसमोर चार बोटांवर माइक म्हणजे दोन्ही फुगे एकावर एक.

म्हणून सुरुवात अशी करा. मान जिथे खोक्याला जुळते, म्हणजे बहुतेक गिटारवर चौदाव्या फ्रेटच्या आसपास, तिकडे माइकचं तोंड करा आणि अंतर २० ते ३० सेंटिमीटर ठेवा. आवाज बारीक वाटला तर जागा न हलवता माइकचं तोंड थोडं साउंडहोलकडे वळवा. घुमला तर तोंड मानेकडे फिरवा. बोटांच्या सरकण्याचा चर्र आवाज जास्त येत असेल तर माइक मानेपासून थोडा खोक्याकडे आणा. लाकडाचा उबदार आवाज हवा असेल तर ब्रिजच्या खालच्या रुंद भागासमोर ठेवून बघा, तिथे आघात कमी आणि अंग जास्त मिळतं. एका वेळी एकच बदल करा, तोही दोन-तीन बोटांएवढा. माइक दोन बोटं सरकवल्याने होणारा फरक पुष्कळदा ईक्यूच्या कुठल्याही बटणाने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. एकदा माइक लागला की जमिनीवर खुर्चीच्या पायांच्या खुणा चिकटपट्टीने करून ठेवा. दुसऱ्या कडव्यात तुम्ही वीतभर मागे सरकून बसलात तर तो वेगळा ट्रॅक वाटेल.

नायलॉनच्या गिटारला मी जरा लांब जातो, ३०-४० सेंटिमीटर, कारण तिचा आवाज नाजूक असतो आणि जवळून बोटांची नखं फार ऐकू येतात. त्या अंतरावर प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा) गेन वाढवावा लागतो, म्हणून खोली खरोखर शांत हवी.

आता खोली. सुरुवातीच्या काळात मी एका गाण्यासाठी तीन गिटार ट्रॅक केले. काँप्युटरच्या टेबलासमोर बसलो होतो, माइक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर, गिटारपासून दोन-अडीच फुटांवर. मग तीन रात्री ईक्यूने ३०० हर्ट्झच्या आसपास कापत बसलो. कापलं की आवाज बारीक व्हायचा, सोडलं की डबा. चौथ्या दिवशी चिडून खुर्ची टेबलापासून उचलून खोलीच्या मोकळ्या बाजूला नेली, माइक जमिनीवरच्या उभ्या स्टँडवर लावला आणि तेच कडवं एकदा वाजवलं. एकही प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला इफेक्ट) न लावता ते गाण्यात बसलं. त्या दिवसापासून मी टेबलावर माइक ठेवलेला नाही.

झालं काय होतं ते सांगतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. गिटारचा आवाज माइकवर थेट येतो आणि टेबलाच्या फळीवर आपटून थोडा उशिरा पुन्हा येतो. वाटेतला फरक ३४ सेंटिमीटर असेल तर ५०० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट पडून एकमेकींना खातात, १००० ला एकमेकींना वाढवतात, १५०० ला पुन्हा खातात, आणि असं वरपर्यंत चालतं. आवाजाला कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात. तेच तुम्हाला ‘डबा’ म्हणून ऐकू येतं. असे ओळीने पडलेले खड्डे ईक्यूने बुजवता येत नाहीत. परतून येणारी ती लाटच थांबवावी लागते.

त्यासाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे जवळ जा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. दुसरं म्हणजे कडक पृष्ठभाग लांब ठेवा आणि मऊ वस्तू योग्य जागी ठेवा. इथे एक चूक फार दिसते. लोक माइकच्या मागे ब्लँकेट टांगतात. पण कार्डिऑइड माइक मागचं कमीच ऐकतो. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतोय. जाड रजई, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट किंवा उभी केलेली गादी तुमच्या पाठीमागे हवी. पायाखाली फरशी असेल तर गालिचा घाला.

मात्र रजईकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. मऊ पदार्थ पाव तरंगलांबीएवढा जाड असेल तर नीट शोषतो, आणि १०० हर्ट्झसाठी ती जाडी ८५ सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणजे पातळ पडदे आणि फोमचे तुकडे फक्त वरचा खणखणाट कमी करतात आणि खालचा घुमारा तसाच ठेवतात. भिंतभर पातळ फोम लावलेल्या खोलीत गिटार अजूनच बोदी वाटते ती यामुळे. अंड्यांचे ट्रे तर फारसं काहीच करत नाहीत. खालच्या घुमाऱ्यावर छोट्या खोलीत खरा इलाज म्हणजे बसायची जागा बदलणे. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास लाटा भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. कोपऱ्यात त्या सगळ्यात जोरात असतात आणि नेमक्या मध्यावर काही पूर्ण गायब तर काही अगदी भरात. म्हणून कोपरा आणि मध्य दोन्ही टाळा, एका भिंतीपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर बसा आणि भिंतीला समांतर न बसता थोडं तिरकं बसा.

पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत, करकरणारी खुर्ची बाहेर, शर्टाची बटणं गिटारला घासत नाहीत ना ते पाहा. हेडफोन बंद प्रकारचे वापरा आणि शेवटची कॉर्ड विरत जाते तिथे क्लिक (हेडफोनमधली लयीची टिकटिक) बंद होईल असं आधीच करून ठेवा. नाहीतर गाण्याच्या सगळ्यात नाजूक जागी टिक-टिक ऐकू येते, आणि ती काढता येत नाही.

दोन माइक वापरावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण पुढे विचाराल. एका माइकने समाधानकारक आवाज येईपर्यंत नको. दोन माइक म्हणजे दोन वेगळ्या वाटा, आणि वर सांगितलेला कंगवा तुम्ही स्वतःच तयार करता. गिटारमध्ये पिझो पिकअप (ब्रिजखाली बसवलेला, तारांचं कंपन थेट टिपणारा भाग) असेल तर तो दुसऱ्या चॅनलवर घ्यायला हरकत नाही, पण त्याचा ब्रिजखालचा कडक, प्लास्टिकसारखा आवाज एकटा वापरू नका. माइकखाली थोडासा मिसळा आणि त्याची फेज (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. ज्या बाजूला खालचे स्वर भरतील ती ठेवा.

लेव्हलबद्दल एकच. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरातली कॉर्ड मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास जाऊ द्या. १६ बिटला मिळणारी रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) ९६ डेसिबलची होती, २४ बिटला कागदावर १४४ ची. मीटर लाल रेषेपर्यंत नेण्याची गरज आता उरलेली नाही.

अकूस्टिकपुरतं एवढं पुष्कळ आहे : ताज्या तारा, टेबलापासून लांब, पाठीमागे मऊ भिंत, माइक चौदाव्या फ्रेटकडे वीतभर अंतरावर, आणि मग कानाने दोन-दोन बोटं सरकवत जायचं.

इलेक्ट्रिकमधली तुमची ‘माश्यांची’ तक्रार वाचल्याबरोबर मला संशय आला की तुम्ही डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं) थेट इंटरफेसमध्ये घालताय, किंवा ॲम्पचं प्लगइन लावून कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) भाग बंद ठेवलाय. गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सगळा आवाज देत नाही. साधारण ५००० हर्ट्झच्या वर तो झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे वरचे कर्कश स्वरांश तो स्वतःच गाळून टाकतो. आपण लहानपणापासून ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणून ओळखतो तो या गाळणीतून आलेला आहे. गाळणी काढली की माश्या उरतात.

उपाय म्हणजे कॅबिनेटची नक्कल, ज्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. ती एक छोटी फाइल असते. विशिष्ट स्पीकर, विशिष्ट माइक आणि त्या माइकची विशिष्ट जागा, या तिघांचा ठसा तिच्यात असतो. म्हणजे इथेही प्रश्न तोच आहे, गिटार कुठून ऐकायची. लोक ॲम्पची पन्नास मॉडेल्स बदलून पाहतात आणि कॅबिनेट आलं ते तसंच ठेवतात. मी उलट करतो. एक साधा ॲम्प निवडून त्यावर दहा-पंधरा इम्पल्स रिस्पॉन्स बदलून ऐकतो, कारण आवाजातला मोठा फरक तिथे पडतो. यासाठी खर्च करायची गरज नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या कॅबिनेटच्या फाइली मोफतही मिळतात.

त्याआधी केबल कुठे लावताय ते बघा. इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झी असं लिहिलेलं बटण, किंवा गिटारचं छोटं चित्र असेल. ते चालू हवं. साध्या पिकअपला साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट दहा हजारांच्या आसपासचा असतो, तो पिकअपवर ओझं टाकतो आणि वरची चमक खाऊन टाकतो. या एका बटणामुळे महिनोन्महिने बोदा आवाज सहन करणारे लोक मला भेटलेत.

खरा ॲम्प असेल तर तोही वापरा, अगदी बोलण्याएवढ्या आवाजातही चालतो. पण तुमचे कान ॲम्पच्या वर उभ्या माणसाच्या उंचीवर असतात आणि स्पीकर तीक्ष्ण आवाज सरळ समोर फेकतो. तुम्ही वरून ऐकून ट्रेबल वाढवता आणि स्पीकरसमोरच्या माइकला त्याची धार झेलावी लागते. खाली वाकून एकदा स्पीकरच्या रेषेत कान आणा, मात्र आवाज कमी करून, आणि मग बटणं लावा. ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. माइक डायनॅमिक (तुमच्या कंडेन्सरहून वेगळा, मोठा आवाज सहज झेलणारा प्रकार) असेल तर उत्तम. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासून या कामाला वापरात आहे. जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर ठेवा. शंकूच्या मध्यावर आवाज तेज, कडेकडे सरकवला की मऊ. मी मध्य आणि कडेच्या बरोबर अधेमध्ये सुरुवात करतो.

गेन कमी करा. एकट्याने वाजवताना जेवढं डिस्टॉर्शन आवडतं त्याच्या दोन-तृतीयांशावर या. डिस्टॉर्शनमुळे आघात चपटे होतात, आणि एकावर एक दोन-तीन ट्रॅक चढले की ते सगळं पिठासारखं होतं. कमी गेनचे दोन ट्रॅक मिळून जास्त गेनच्या एकापेक्षा भारी वाटतात. आणि ॲम्पचा आवाज कसाही घेतलात तरी थेट गिटारचा कोरडा ट्रॅक शेजारी नक्की ठेवा. वाजवणं चांगलं झालं असेल आणि आवाज पुढे नको वाटला, तर तोच ट्रॅक दुसऱ्या ॲम्पमधून पुन्हा काढता येतो.

सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण येणारच. खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरा. एका कोनात ती एकदम बसते, तिथे बसून वाजवा. लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा बॅटरीवर ऐकून पाहा.

आता गाण्यात गिटार भरदार करण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ट्रॅकची कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकता. त्याने काही रुंद होत नाही. दोन्हीकडे तंतोतंत तेच असेल तर कानाला तो मध्यातला एकच मोठा आवाज वाटतो. एक कॉपी जराशी उशिरा केली तर हेडफोनमध्ये रुंद वाटतं, पण फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही एकत्र आल्या की पुन्हा तोच कंगवा. खरोखर दोनदा वाजवा. दोन टेकमधले सूर-लयीचे बारीक फरक हीच ती रुंदी. दुसऱ्यांदा वाजवताना कॉर्डची जागाही बदला. गाणं जी मध्ये असेल तर एक गिटार साध्या जी कॉर्डवर, दुसरी पाचव्या फ्रेटला कॅपो लावून डीच्या आकारात, किंवा सातव्याला कॅपो लावून सीच्या आकारात. स्वर तेच राहतात आणि दोघींना आपापली जागा मिळते. दुसरी गिटार हाताशी असेल तर तिच्या जाड चार तारांच्या जागी एक सप्तक वरच्या पातळ तारा लावून पाहा. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. साध्या गिटारखाली ती हळूच वाजली की बारा तारांसारखी झिलई येते आणि खाली गर्दी होत नाही.

मिक्समध्ये गिटार एकटी ऐकून ईक्यू लावू नका. गळा चालू ठेवा. गाण्यात बेस असेल तर गिटार ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, पण फक्त गळा आणि गिटार असेल तर जपून, कारण जाड ई तारच ८२ हर्ट्झची आहे आणि गाण्याचा सगळा पाया तिच्यावर उभा असतो. गळ्याचे शब्द नीट कळत नसतील तर गिटारमध्ये २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात दोन डेसिबल कमी करा. गळ्यात तिथे काही वाढवण्याआधी हे करून बघा. काहीही बदललं की आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्या पातळीवर आणून मगच तुलना करा. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाजाची पातळी बदलली की खालच्या आणि वरच्या स्वरांना कान वेगळा प्रतिसाद देतो. थोडा मोठा आवाज नेहमीच भरदार वाटतो आणि आपण त्याला सुधारणा समजतो. तुमच्या प्लगइनांनी ‘फरक पडला नाही’ याचं एक कारण हेही असू शकेल. त्यांनी नुसता आवाज वाढवला आणि दुसऱ्या दिवशी मूळ दोष तसाच ऐकू आला.

राहिला माइकचा प्रश्न. आधी तारांचे दोन संच आणि उंच, जड पायाचा बूम स्टँड घ्या, ज्याने माइक हव्या त्या जागी स्थिर राहील. टेबलावरचा छोटा स्टँड ही तुमच्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी आहे असं मला वाटतं. त्यानंतर पाठीमागच्या भिंतीसाठी जाड शोषक. एवढं झाल्यावर एका गाण्याचं तेच कडवं पाच वेगवेगळ्या जागांवरून रेकॉर्ड करा. त्यातली एकही जागा आवडली नाही, आणि पाचही ठिकाणी एकच दोष ऐकू आला, उदाहरणार्थ पाठीमागे सतत सुस्कारा किंवा वरच्या स्वरांत काचेसारखी किरकिर, तर तो दोष माइकचा किंवा प्रीॲम्पचा असू शकतो. तेव्हा माइक बदला. पाचही जागांचे आवाज एकमेकांपासून वेगळे निघाले, तर तुमचा माइक ऐकतोय आणि व्यवस्थित ऐकतोय. त्या पाच तुकड्यांमधला कुठला गाण्याजवळ जातो ते मला लिहून कळवा. सोबत खोलीची लांबी-रुंदी आणि तुम्ही बसलेली जागाही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.